एअर प्युरिफायरचा फिल्टर धुवायचा का? (आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

दिवाळी जवळ आली की आमच्या दुकानातला फोन मुख्यतः दोन प्रश्नांसाठी वाजतो. पहिला : "फिल्टर धुऊन उन्हात वाळवला तर चालेल ना?" दुसरा प्रश्न बहुतेक घरात वयस्कर आई-वडील असणाऱ्यांचा : "हवेतल्या धुळीनं माणूस विसराळू होतो म्हणतात, ते खरं का?" दोन्हींचा संबंध वाटतो त्यापेक्षा जवळचा आहे, म्हणून हा कागद बिलासोबत देतो.

आधी धुण्याचं. मशीनचं मागचं झाकण काढलं की सगळ्यात वर जाळी दिसते, तो प्री-फिल्टर. केस, कापसाचे तंतू, बांधकामाची धूळ तिथं अडकते. ही जाळी धुवायचीच. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत दर पंधरा दिवसांनी, शेजारच्या सोसायटीचं रिडेव्हलपमेंट चालू असेल तर दर आठवड्याला. पूर्ण सुकल्याशिवाय परत बसवू नका.

जाळीच्या आत घड्या घातलेल्या कागदासारखा पांढरा भाग असतो, तो हेपा. त्याला पाणी लागता कामा नये. ओलं फडकं नको, साबण नको, हेअर ड्रायर नको आणि गॅलरीच्या कठड्यावर आपटणंही नको. काही मशीनवर 'वॉशेबल फिल्टर' असं छापलेलं असतं आणि घोटाळा तिथंच होतो. ते शब्द बहुतेक वेळा फक्त जाळीपुरते असतात.

हेपा म्हणजे पिठाची चाळण नव्हे. चाळणीत भोकापेक्षा मोठं ते वर राहतं, बारीक ते खाली पडतं. हेपामध्ये अतिबारीक तंतूंचं जंजाळ असतं. हवेबरोबर इकडेतिकडे भरकटणारे कण त्या तंतूंना धडकतात आणि चिकटून बसतात. दोन तंतूंमधल्या फटीपेक्षा कितीतरी लहान कणही अशानं पकडले जातात. घरगुती मशीनमधल्या बऱ्याच फिल्टरच्या तंतूंवर त्यासाठी स्थिर विद्युतभारही दिलेला असतो. साबणाच्या पाण्यानं तो भार जातो, घड्या फुगतात, कडेचा गोंद सुटतो. आतली ओल नीट वाळत नाही आणि आठवडाभरात खोलीत कुबट वास सुटतो. मग "मशीन खराब झालंय, माणूस पाठवा" असा फोन येतो. आमचा मुलगा ट्रॅफिकमधून तासभर गाडी चालवत येतो, झाकण उघडतो आणि घड्यांवर पाण्याचे पिवळट डाग दिसतात.

गंमत अशी की धुतलेला फिल्टर दिसतो स्वच्छ. सुटलेल्या कडेनं हवा फिल्टरला वळसा घालून जाते, त्यामुळे झोतही आधीपेक्षा जोरात लागतो. "धुतल्यापासून मस्त चालतंय" असं सांगणारे ग्राहक आम्हाला नेहमी भेटतात. त्यातून मशीनचा दिवा हिरवाच असतो. तो सेन्सर मशीनच्या अंगातच बसवलेला, जवळची हवा मोजणारा. साधारण ०.३ मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक कण अशा सेन्सरला दिसतच नाहीत.

आणि मेंदूचा प्रश्न उभा राहतो तो नेमका या न दिसणाऱ्या कणांमुळे.

फर्निचरवर बोट फिरवलं की हाताला लागते ती भरड धूळ. तिचा त्रास नाकाला, घशाला, दमेकऱ्यांना, पण ती बरीचशी वरच अडते. पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान कण, केसाच्या जाडीच्या वीस-तीसपट बारीक. गाड्यांचा धूर, कचरा जाळणं, लाकडाच्या भट्ट्या यांतून ते निघतात. हे फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. त्यांतले सर्वांत बारीक कण रक्तात उतरू शकतात, सूज वाढवतात, रक्तवाहिन्या खराब करतात. पक्षाघाताच्या कारणांमध्ये हवेचं प्रदूषण आता रक्तदाब आणि तंबाखूच्या पंगतीला बसवलं जातं. दुसरी वाट आणखी थेट आहे : नाकाच्या छतापाशी वास घेणाऱ्या नसा असतात आणि त्यांचं दुसरं टोक मेंदूत असतं.

ही नुसती शंका नाही. २०१६ मध्ये इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठाच्या बार्बरा माहेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेक्सिको सिटी आणि मँचेस्टर इथल्या मृत व्यक्तींच्या मेंदूचे नमुने तपासले. त्यांत लोहाच्या ऑक्साइडचे गोलसर कण सापडले, बहुतेक ०.२ मायक्रॉनपेक्षा लहान. असा गोल आकार प्रचंड उष्णतेत, म्हणजे इंजिनात किंवा ब्रेकच्या घर्षणात येतो. त्या कणांमुळेच अल्झायमर होतो असं त्यातून सिद्ध होत नाही, पण ते तिथवर पोहोचतात एवढं नक्की. २०१७ मध्ये कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातल्या लाखो लोकांच्या नोंदी तपासल्या गेल्या. मोठ्या रस्त्यापासून ५० मीटरच्या आत राहणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण ३०० मीटरपलीकडच्यांपेक्षा ७ टक्क्यांनी जास्त निघालं. पुढे २०२० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांत हवेचं प्रदूषण घातलं.

मुलांचं म्हणाल तर बार्सिलोनातल्या ३९ शाळांचा २०१५ चा अभ्यास आहे. जास्त प्रदूषित शाळांतल्या मुलांची कार्यकारी स्मृती, म्हणजे ऐकलेलं-वाचलेलं डोक्यात धरून ठेवण्याची ताकद, वर्षभरात ७.४ टक्क्यांनी वाढली आणि स्वच्छ हवेतल्या मुलांची ११.५ टक्क्यांनी. हायवेला लागून फ्लॅट असेल तर प्युरिफायर हॉलमध्ये टीव्हीशेजारी ठेवण्यापेक्षा मुलांच्या झोपायच्या खोलीत ठेवा, असं आम्ही सांगतो ते यासाठीच.

आता दुकानदार म्हणून एक स्पष्ट सांगतो. खोलीतले कण कमी करणं एवढंच या मशीनचं काम. विसरायला लागलेल्या माणसाची स्मरणशक्ती ते परत आणत नाही आणि त्या आशेनं कुणी घ्यायला आलं तर आम्ही आधी डॉक्टरकडे जायला सांगतो. बी-१२ ची कमतरता, थायरॉईड अशी साधी कारणंही निघतात.

"प्युरिफायर लावूनही सकाळी डोकं जड होतं" ही तक्रारही बरीच येते. खिडक्या बंद, एसी चालू, खोलीत तीन-चार माणसं, म्हणजे रात्रभर कार्बन डायऑक्साइड साठत जातो. तो कुठल्याच हेपात अडकत नाही. दुपारी बाहेरच्या प्रदूषणाचा आकडा उतरलेला असेल तेव्हा अर्धा तास खिडक्या सताड उघडा. मच्छर अगरबत्ती मात्र बंद करा. एक कॉइल जळून जाईपर्यंत पीएम २.५ चे जेवढे कण सोडते ते ७५ ते १३७ सिगारेटींच्या बरोबरीचे असतात, हे मोजून झालेलं आहे. देवापुढच्या उदबत्तीबद्दल बोलायचं धाडस आम्ही करत नाही. लावा, फक्त त्या वेळी खिडकी उघडी ठेवा.

खोलीच्या मापाचं थोडक्यात. १० बाय १२ ची, १० फूट उंचीची खोली म्हणजे सुमारे ३४ घनमीटर. तासाला पाच वेळा हवा फिरवायची तर मशीनचा सीएडीआर, म्हणजे तासाला स्वच्छ करून दिलेली हवा, किमान १७० घनमीटर हवा. यापेक्षा लहान मशीन स्वस्त पडतं, पण ते कायम फुल स्पीडवर चालवावं लागतं आणि आवाज होतो म्हणून लोक रात्री बंद करतात.

फिल्टर महाग आहे, हे आम्हालाही मान्य आहे. 'दोनशे रुपयांत फिल्टर धुऊन देतो' म्हणणारे भेटतात आणि आम्ही तसं करत नाही म्हणून आमच्यावर नफेखोरीचा शिक्का बसतो. पण धुऊन दिलेला फिल्टर पंधरा दिवसांत आमच्याकडेच तक्रार होऊन परत येतो. खर्च वाचवायचाच असेल तर तो असा वाचवा : जाळी वेळेवर धुवा, पावसाळ्यात हवा चांगली असते तेव्हा मशीन बंद ठेवा आणि फिल्टर कोरडा राहू द्या. एवढं पाळणाऱ्यांचा हेपा एक हंगाम जास्त टिकतो. बाहेरून स्वस्तातला फिल्टर आणणार असाल तर कडेची फोमची पट्टी तपासून घ्या. ती सैल असेल तर हवा फिल्टरला चुकवून जाते. (आणि नवा फिल्टर बसवताना त्यावरची प्लास्टिकची पिशवी काढा. हसू नका, ती तशीच राहिलेली मशीन्स आम्ही उघडतो.)

आमच्याकडून घेतलेल्या प्रत्येक फिल्टरच्या कडेवर बसवल्याची तारीख मार्करनं लिहिलेली असते. ओला झालेला फिल्टर वॉरंटीत बदलून मिळत नाही. फिल्टर खरंच संपलाय का अशी शंका असेल तर घरी येऊन मीटरनं मोजून देतो, मशीनच्या दिव्यावर जात नाही. आकडा ठीक असला तर बदलू नका असंच सांगतो.

वर्षाच्या योजनेत दोन भेटी आणि एक हेपा येतो. दिवाळीनंतर माल येईपर्यंत थांबावं लागतं, तेव्हा फिल्टर सप्टेंबरमध्येच सांगून ठेवा. फोन करण्याआधी मशीनच्या मागचं स्टिकर मोबाईलवर टिपून व्हॉट्सॲप करा. मॉडेल नंबर त्यावरच असतो आणि एकाच कंपनीच्या दोन मॉडेलचे फिल्टर एकमेकांना बसत नाहीत.