गाडगेबाबांचे कीर्तन

गाडगेबाबांचे कीर्तन : संत गाडगेबाबा (२३ फेब्रुवारी १८७६ – २० डिसेंबर १९५६) यांनी घडवलेला लोकशिक्षणाचा कीर्तनप्रकार. त्याला पोथी नव्हती, ठरलेले आख्यान नव्हते, बिदागीही नव्हती. बोलणारा माणूस आणि त्याचे बोलणे यांत फट नसली की शब्दाला केवढे वजन येते, हे महाराष्ट्राने विसाव्या शतकात ज्या मोजक्या ठिकाणी पाहिले, त्यांत या कीर्तनाचे स्थान फार वरचे आहे.

बाबांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावच्या परीट कुटुंबात ते जन्मले. वडील दारूपायी लवकर गेले, म्हणून बालपण मूर्तिजापूरजवळच्या दापुरे गावी मामाकडे गुरे राखण्यात आणि शेतीत गेले. शाळा नाहीच. मामाची जमीन सावकाराच्या कर्जात गेलेली त्यांनी डोळ्यांनी पाहिली. स्वतःच्या मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे दारू-मटणाची पंगत अपेक्षित होती. डेबूजींनी गोडाचे जेवण वाढले आणि जातभाईंचा रोष पत्करला. पुढे कीर्तनात कर्ज, दारू आणि सणावारी होणारी पशुहत्या हे विषय पुन्हापुन्हा येत, ते इथून. १९०५ मध्ये त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्यांचा अंगरखा, डोक्यावर किंवा हातात मडक्याचे खापर, एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटक्या बांगडीची काच. ‘गाडगे’ हे नाव त्या खापरावरूनच पडले.

कीर्तन रात्री होई, पण त्याची सुरुवात दिवसा होत असे. बाबा गावात शिरत ते हातात खराटा घेऊन. रस्ते, गटारे, देवळासमोरची जागा झाडायला लागत. लोक आधी बघत राहत, मग एकेक जण पुढे होई. भाकरी मागायची तीही काम केल्यावर. त्यामुळे रात्री स्वच्छतेविषयी ते बोलू लागत तेव्हा ऐकणाऱ्याने सकाळी ते पाहिलेले असे. या क्रमाकडे चरित्रकारांनी द्यावे तितके लक्ष दिलेले नाही असे वाटते. कीर्तनाचा खरा पूर्वरंग, म्हणजे पहिला भाग, तोच होता.

नारदीय कीर्तनात पूर्वरंगात निरूपण आणि उत्तररंगात आख्यान असते. वारकरी कीर्तन एखाद्या अभंगाभोवती, टाळ-मृदंगाच्या साथीने उलगडते. बाबांनी वारकऱ्यांचा अभंग घेतला, तुकोबा आणि कबीर घेतले, ‘गोपाला गोपाला देवकीनंदन गोपाला’चा गजर घेतला आणि बाकीचा सांगाडा मोडला. निरूपणाच्या जागी प्रश्न आले. प्रश्न वऱ्हाडीत, समोर बसलेल्यांना, आणि उत्तर मिळेपर्यंत पुढे जायचे नाही. देव कुठे राहतो, तो कुणी पाहिला, मूर्ती कुणी घडवली, तिला नैवेद्य दाखवला तर तो कोण खातो, असे एकामागून एक. पूजेने बुडालेली नाव वर येते, असे सत्यनारायणाच्या कथेत सांगतात. मग महायुद्धात बुडालेल्या बोटींसाठी पूजा का घालत नाहीत, असे ते विचारत. सभा हसे, हसता हसता स्वतःच उत्तर देई. स्वतःच्या तोंडून निघालेले उत्तर नाकारणे माणसाला जड जाते. निरक्षर कष्टकऱ्याला उपदेशाचा धाक न घालता विचार करायला लावणारी ही रीत होती, आणि ती बाबांना कुणी शिकवली नव्हती.

अधिकार नाकारण्याबाबत ते कमालीचे कडक होते. पाया पडू देत नसत. जबरदस्तीने पडणाऱ्याला काठीचा प्रसादही मिळे. आपण कुणाचे गुरू नाही आणि आपला कुणी शिष्य नाही, असे ते बजावून सांगत. कीर्तनातून लाखोंच्या देणग्या आल्या, त्यांतून पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथे धर्मशाळा, ऋणमोचन येथे पूर्णेवर घाट, अनेक ठिकाणी सदावर्ते आणि शिक्षणसंस्था उभ्या राहिल्या. कारभार विश्वस्तांकडे दिला, घरच्यांना त्यात वाटा ठेवला नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली.

या कीर्तनाचा आवाज आज ऐकता येतो तो एका ध्वनिमुद्रणामुळे. नोव्हेंबर १९५६ मध्ये वांद्रे येथे पोलिसांसमोर झालेले कीर्तन टेपवर घेतले गेले. प्रकृती खालावलेली होती, तरी आवाजातली धार कायम आहे. जेवणाचे ताट मोडा, भाकरी हातावर घेऊन खा, बायकोला हलके लुगडे घ्या, पण पोराला शाळेत घातल्यावाचून राहू नका, असे ते सांगतात; आणि दाखला देतात तो आंबेडकरांचा, वडिलांनी शाळेत घातले म्हणून देशाची घटना लिहिणाऱ्या मुलाचा. छापील प्रतीत हे कीर्तन वाचताना निम्मे हरवते: प्रश्नानंतरची थांबण्याची जागा, श्रोत्यांचा हुंकार आणि मध्येच उसळणारा गजर कागदावर येत नाही. त्यानंतर महिनाभरातच, ६ डिसेंबरला आंबेडकर गेले. २० डिसेंबरला अमरावतीजवळ वलगाव येथे पेढी नदीच्या परिसरात प्रवासातच बाबांनी देह ठेवला.

प्रबोधनकार ठाकरे यांनी बाबांच्या हयातीतच त्यांचे चरित्र लिहिले. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज आणि बाबा यांचा परस्परांशी निकटचा स्नेह होता, मात्र खंजिरीवरची तुकडोजींची भजने ही वेगळी वाट आहे. राज्यात २०००-०१ पासून राबवलेल्या ग्रामस्वच्छता अभियानाला आणि अमरावती विद्यापीठाला बाबांचे नाव आहे. प्रश्न विचारणारी कीर्तनाची रीत मात्र विदर्भातल्या प्रबोधनकारांनी चालू ठेवली. त्यांपैकी अकोला जिल्ह्यातील सत्यपाल महाराज सात खंजिऱ्या वाजवत, वऱ्हाडीतच, हुंडा आणि व्यसनांवर बोलतात, आणि सभेकडून उत्तर घेतल्याशिवाय तेही पुढे सरकत नाहीत.