अंगाने बारीक, वयाने जून केळं

श्रावण लागला की कोल्हापुरात केळ्यांचा उठाव वाढतो आणि एक तक्रारही. सकाळी पिवळीधमक आणलेली फणी दुसऱ्या दिवशी देठाशी काळी पडते आणि उचलली की केळी सुटून खाली येतात. दोषी ठरलेला असतो: "कार्बाइडवर पिकवली असणार!" कार्बाइडने फळं पिकवायला कायद्याने बंदी आहे आणि ती योग्यच आहे. पण देठ कुजवणारी बुरशी कार्बाइडमधून येत नाही. ती बागेतूनच फळाबरोबर आलेली असते, आणि तिला लवकर संधी मिळते ती बऱ्याचदा करपलेल्या पानांमुळे.

करपा म्हणजे सिगाटोका, केळीच्या पानांचा बुरशीरोग. पावसाची झड, चहूबाजूंनी डोक्याएवढा ऊस, आत वारा नाही, त्यामुळे पान तासन्‌तास ओलं राहतं. बुरशी पर्णरंध्रांतून आत शिरते. आधी पिवळसर रेघा, मग तपकिरी ठिपके, शेवटी ते एकमेकांत मिसळून पान वाळतं. ही बुरशी पानांवरची. फळ ती कुजवत नाही. म्हणूनच बागायतदार म्हणतो, "पान करपलं तर करपलं, घड भरलाय की!"

गोम तिथेच आहे. केळ एकदा निसवली, म्हणजे तिचा घड बाहेर पडला, की तिला नवं पान येत नाही. त्या वेळी जी पानं असतील त्यांच्यावरच पुढचे तीनेक महिने घड पोसायचा. निसवताना किमान आठ आणि घड उतरवताना चार-पाच धड पानं हवीत. करप्याने ती कमी झाली की साखर कमी तयार होते आणि केळं सावकाश भरतं.

जाडी पानांवर ठरते, पण फळाचं वय बरंचसं उष्णतेवर. कॅरिबियन बेटांवरच्या निर्यात बागांत हे वय चक्क मोजतात: दिवसाच्या सरासरी तापमानातून 14 वजा करायचे आणि फुलोऱ्यापासून रोजची बेरीज 900 झाली की घड उतरवायचा. सरासरी 26 अंश असेल तर दिवसाला 12, म्हणजे 75 दिवस. थंडीत सरासरी 22 असेल तर दिवसाला 8, म्हणजे सुमारे 113 दिवस. आता करपलेल्या बागेत काय होतं बघा. 900 भरले तरी केळं बारीकच दिसतं. व्यापारी घेणार नाही म्हणून शेतकरी आणखी दोन आठवडे थांबतो. 26 अंशांत बेरीज 1068 वर जाते. जाडी आली, पण फळ जून झालं. ते पिकण्याच्या उंबरठ्यावर असतं. गाडीतच एखादं केळं पिकतं, त्यातून इथिलीन वायू सुटतो आणि अख्खा क्रेट पिकायला लागतो.

इथे दुसरी बुरशी येते, कोलेटोट्रायकम म्युझी. घडावर लोंबणारी वाळकी पानं आणि सुकलेली फुलं हे तिचं घर. पावसाच्या शिंतोड्यांबरोबर तिचे बीजाणू हिरव्या केळ्यावर पडतात, काही तासांत अंकुरतात आणि सालीला चिकटून काळपट, जाड भिंतीची एक गाठ तयार करतात. मग मुक्काम. हिरव्या सालीतली बुरशीरोधक रसायनं तिला पुढे सरकू देत नाहीत. फळ पिकू लागलं की ही रसायनं घटतात, साल मऊ पडते आणि तेच इथिलीन बुरशीला जागं करतं. सालीवर खोलगट काळे डाग पडतात, त्यांवर नारिंगी बीजाणूंचा थर येतो. फणी कापलेल्या जागी हीच बुरशी फ्युजॅरियमसारख्या सोबतीच्या बुरशींसह देठ कुजवते. पानं कमी आणि फण्या जास्त असलेल्या झाडांची फळं या कुजीला अधिक बळी पडतात, हे पानं आणि फण्या मुद्दाम छाटून केलेल्या प्रयोगांत दिसलं आहे.

(काळ्या ठिपक्यांच्या केळ्यात कर्करोग मारणारं 'टीएनएफ' असतं, हा व्हॉट्सअ‍ॅपवरचा निरोप खुशाल पुसून टाका. ते प्रथिन प्राण्यांच्या रोगप्रतिकार पेशी बनवतात, केळं नाही.)

करावं काय? पानाचा करपलेला तेवढाच भाग कापून बागेबाहेर न्यावा. हिरवा भाग ठेवावा, कारण निसवल्यावर त्याची भरपाई नाही. फवारणीला 10 लिटर पाण्यात प्रोपिकोनॅझोल हे बुरशीनाशक 10 मिली आणि मिनरल ऑइल 100 मिली. पुढची पाळी मॅन्कोझेब या दुसऱ्या बुरशीनाशकाची, 25 ग्रॅम. एकच औषध सारखं मारलं की बुरशी त्याला दाद देत नाही. काढणीआधी किती दिवस फवारणी थांबवायची ते लेबलवर बघावं. पानं पाच-सहाच उरली तर खालच्या एक-दोन फण्या कोवळ्या असतानाच काढाव्यात, म्हणजे उरलेल्या वेळेत भरतात. निसवणीच्या आठवड्यानुसार घडाला रंगीत फीत बांधली की वय कळतं, नुसत्या जाडीवर विसंबावं लागत नाही.

फणी धारदार सुरीने एका घावात कापावी, देठाशी दांड्याचा जाडसर तुकडा ठेवून. चिंधड्या उडालेल्या जखमेत बुरशी लवकर शिरते. चीक धुवायच्या टाकीत तुरटी टाकतात, त्याने चिकाचे डाग पडत नाहीत, पण तेवढ्याने सगळे बीजाणू मरतील असं नाही. सकाळचंच पाणी संध्याकाळपर्यंत वापरलं तर एका करपलेल्या बागेतले बीजाणू दिवसभर कापलेल्या प्रत्येक फणीच्या ताज्या जखमेला लागतात. पाणी गढूळ दिसायची वाट न बघता टाकी रिकामी करावी.