कोल्हापुरातील स्मारके आणि सजावट

पुतळे, स्मृतिदालने, वास्तूंना दिलेली नावे आणि जयंती-पुण्यतिथीला त्यांच्याभोवती होणारी हार-फुले, रांगोळी, रोषणाई यांतून सार्वजनिक जागेला अर्थ देण्याची कोल्हापुरातील रीत. इथे पत्ता पुतळ्यावरून सांगतात, मोर्चा निघतो तोही पुतळ्याला हार घालून. स्मारक उभे करून विसरायचे नसते, ते वापरायचे असते, ही या शहराची समज आहे.

शिवाजी विद्यापीठाची स्थापना १८ नोव्हेंबर १९६२ रोजी झाली. उद्घाटन राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांनी केले, इतिहासकार डॉ. आप्पासाहेब पवार पहिले कुलगुरू. विद्यापीठाचे नाव हेच त्याचे पहिले स्मारक. नाव लांब ठेवले तर लोक आद्याक्षरेच वापरतील आणि ‘शिवाजी’ हा उच्चारच हरवेल, म्हणून तत्कालीन मंत्री बाळासाहेब देसाई यांनी आटोपशीर नावाचा आग्रह धरला, असे सांगितले जाते. मुख्य इमारतीसमोरचा शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा शिल्पकार बी. आर. खेडकर यांचा. तो १९७४ मध्ये बसवण्यात आला. शिवजयंतीला चौथऱ्यापाशी रांगोळी रेखली जाते, झेंडूच्या माळा सोडल्या जातात, भगव्या पताका लागतात. पण पुतळ्याचे खरे मोल दीक्षान्त समारंभाच्या दिवशी कळते. गावाकडून आलेले आई-वडील नव्या कपड्यांत मुलीच्या शेजारी उभे राहतात, पदवीची गुंडाळी तिच्या हातात असते आणि मागे महाराज दिसले पाहिजेत म्हणून फोटो काढणारा चार पावले मागे सरकतो. तो फोटो मग घरी भिंतीवर लागतो. पुतळा असा गावोगावच्या घरांत पोहोचला आहे.

विद्यापीठाच्या ग्रंथालयाला बॅ. बाळासाहेब खर्डेकर यांचे नाव आहे. ज्ञानपीठ मिळवणारे पहिले मराठी लेखक वि. स. खांडेकर यांचे स्मृतिसंग्रहालयही याच परिसरात आहे.

शिक्षणाचे सर्वांत बोलके स्मारक मात्र दसरा चौकात आहे. चौकात राजर्षी शाहू महाराजांचा पुतळा आहे, पण नजर पुतळ्यावरच थांबवू नये. भोवतालच्या बोर्डिंगांच्या पाट्याही वाचाव्यात. १९०१ च्या व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून शाहू महाराजांनी जातीजातींच्या वसतिगृहांना जागा, पैसा आणि पाठबळ दिले. १९०६ मध्ये मुस्लिम मुलांची आणि १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांची सोय झाली. खेड्यातल्या पोराला शहरात राहायची आणि जेवायची सोय झाल्याखेरीज शाळेचा उपयोग नाही, हे महाराजांनी ओळखले होते. दसऱ्याला याच चौकात शमीपूजन होऊन सोने लुटले जाते.

बिंदू चौकात महात्मा जोतीराव फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे पुतळे आहेत. कोल्हापूरचे समाजसुधारक भाई माधवराव बागल यांच्या पुढाकाराने ते ९ डिसेंबर १९५० रोजी, म्हणजे बाबासाहेबांच्या हयातीतच उभे राहिले. माणूस हयात असताना त्याचे थोरपण ओळखणे सोपे नसते, आणि कोल्हापूरने ते केले याचा इथल्या माणसाला रास्त अभिमान आहे. १४ एप्रिलला चौक निळ्या झेंड्यांनी भरतो. शिडी लावून हार चढवला जातो, आणि खाली उभे असलेले लोक मुलांना खांद्यावर घेऊन तो दाखवतात.

पुतळा काढण्यालाही अर्थ असतो. आज शिवाजी चौक म्हणतात तिथे पूर्वी मुंबई इलाख्याचा ब्रिटिश गव्हर्नर विल्सन याचा पुतळा होता. १९४२ च्या चळवळीत स्त्रियांनी तो विद्रूप केला, पुढे क्रांतिकारकांनी फोडला आणि १९४५ मध्ये त्या जागी शिवाजी महाराजांचा पुतळा आला.

काही स्मरणांना फुलांचीही गरज लागत नाही. शाहू महाराजांच्या निधनाला शंभर वर्षे झाली त्या दिवशी, ६ मे २०२२ रोजी सकाळी दहा वाजता, कोल्हापूरकर शंभर सेकंद जागच्या जागी स्तब्ध उभे राहिले. शंभर सेकंद सरले आणि गाड्या पुन्हा सुरू झाल्या.