कालखिडकीची पार्श्वभूमी: पाऊस पडला केव्हा आणि नोंद पोहोचली केव्हा

वाळपईच्या पर्जन्यमापकाने सकाळी ८.२५ ला केलेली नोंद नेटवर्क गेल्यामुळे पणजीच्या सर्व्हरवर ९ वाजता पोहोचली, तर ती कोणत्या दिवसाच्या बेरजेत धरायची? भारतात पावसाचा दिवस सकाळी ८.३० ला संपतो, त्यामुळे या काल्पनिक उदाहरणातील पस्तीस मिनिटे निर्णायक ठरतात.

अशा सतत येणाऱ्या नोंदींच्या प्रवाहाचा हिशेब वेळेच्या तुकड्यांत करतात; या तुकड्यांना कालखिडक्या किंवा नुसत्या खिडक्या म्हणतात. प्रवाहावर अखंड चालणाऱ्या क्वेरीची (माहितीला विचारलेल्या प्रश्नाची) कल्पना १९९२ मध्ये मांडली गेली आणि २००० नंतर विद्यापीठांतील संशोधनातून खिडक्यांची परिभाषा स्थिरावली. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत २००१ साली जनरेटर (मागणीनुसार एकेक मूल्य देणारे फंक्शन) आल्यावर असा प्रवाह काही ओळींत उभा करता येऊ लागला. टंबलिंग (एकमेकींना लागून येणाऱ्या), स्लायडिंग (एकमेकींवर सरकणाऱ्या) आणि सेशन (नोंदींत खंड पडेपर्यंत चालणाऱ्या) हे या खिडक्यांचे प्रकार.

गेल्या दशकाच्या आरंभी लोकप्रिय झालेल्या प्रणालींचा भर नोंद पोहोचण्याच्या वेळेवर होता. चुका नंतर बॅच पद्धतीने, म्हणजे साठलेल्या नोंदी एकत्र घेऊन, दुरुस्त कराव्यात, असा सल्ला दिला जाई. त्यापायी एकच हिशेब दोन ठिकाणी लिहावा लागे. २०१३ आणि २०१५ मधील शोधनिबंधांनी घटनेची वेळ केंद्रस्थानी आणली आणि त्यांच्यासोबत ‘वॉटरमार्क’ हा शब्द रूढ झाला.

हा शब्द मात्र बराच गोंधळ घालतो. नोटेवरचे जलचिन्ह येथे अभिप्रेत नाही. काफ्का या संदेशवहन प्रणालीतील ‘हाय वॉटरमार्क’ही वेगळा, कारण तो संदेशांच्या प्रती कुठवर पोहोचल्या हे सांगतो. खिडक्यांच्या संदर्भात वॉटरमार्क म्हणजे ‘या वेळेपूर्वीची नोंद आता येणार नाही’ असा अंदाज. आतापर्यंत दिसलेल्या सर्वांत पुढच्या वेळेतून ठरावीक मुदत वजा करून तो अनेकदा काढला जातो. मुदत दहा मिनिटांची ठेवली आणि दरम्यान इतर केंद्रांच्या ताज्या नोंदी येत राहिल्या, तर वाळपईची नोंद येईपर्यंत खिडकी मिटलेली असते. तासाभराची ठेवली तर बेरीज तेवढीच रखडते. ‘अंदाज’ऐवजी ‘हमी’ असे शिकवणे हीच प्रस्तुत लेखकाला मूळ चूक वाटते.

सिम्युलेशनचे, म्हणजे प्रोग्रॅममध्ये उभ्या केलेल्या कृत्रिम प्रवाहाचे, महत्त्व येथेच आहे. आभासी घड्याळ आणि ठरावीक सीड (यादृच्छिक आकड्यांचा आरंभांक) वापरून उशीर मुद्दाम पेरला, तर तोच गोंधळ हवा तितक्या वेळा तपासता येतो. नमुन्यादाखल लिहिलेल्या अनेक प्रोग्रॅममध्ये मात्र नोंदी क्रमानेच येतात आणि प्रश्न उद्भवतच नाही.

एक बाब सहसा निसटते. खिडक्या बहुधा युनिक्स कालगणनेशी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेच्या (यूटीसी) मध्यरात्रीशी, जुळवलेल्या असतात, म्हणून चोवीस तासांची खिडकी भारतात पहाटे ५.३० ला उघडते. तिला तीन तासांचा ऑफसेट दिला नाही, म्हणजे तिची सुरुवात तेवढी पुढे सरकवली नाही, तर ५.३० ते ८.३० मधला पाऊस पुढच्या दिवसाच्या खात्यावर पडतो.