वर्गाच्या ब्लॉगवर लिहिताना मन का पालटतं: पार्श्वभूमी

‘दर आठवड्याला एक पोस्ट, किमान ३०० शब्द, शिवाय दोघांच्या पोस्टवर कॉमेंट.’ सेमिस्टरच्या सुरुवातीला हे जाहीर झालं की वर्गाची पहिली प्रतिक्रिया कपाळावर आठ्या. आणखी एक असाइनमेंट, तीही सगळ्यांच्या डोळ्यांदेखत! त्याच वर्गातले काही जण शेवटच्या महिन्यात शब्दमर्यादा विसरून लिहीत असतात, तर काही जण आधीपेक्षा जास्त वैतागलेले असतात. हा फरक सॉफ्टवेअरमुळे पडत नाही. आपलं लिहिलेलं कोण वाचतंय आणि वाचून त्याचं काय करतंय, यावर तो ठरतो. हा प्रश्न ब्लॉगहून शंभरेक वर्षांनी जुना आहे.

१८८०च्या दशकात अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात इंग्रजी शिकवणाऱ्या बॅरेट वेंडेल यांनी विद्यार्थ्यांकडून रोज एक छोटा मजकूर लिहून घ्यायला सुरुवात केली. विषय साधा: आज पाहिलेलं काहीतरी. रोज लिहिल्याने हात वळतो हे खरंच, पण रोज येणारे ते गठ्ठे वाचणार कोण, ही अडचण तेव्हापासूनच मागे लागली.

पुढे लेखनाचा रोख परीक्षेकडेच राहिला. ब्रिटनमध्ये शिक्षणतज्ज्ञ जेम्स ब्रिटन आणि सहकाऱ्यांनी शाळकरी मुलांचे सुमारे २००० लेख तपासून १९७५ मध्ये निष्कर्ष मांडले. जवळपास निम्मं लेखन ‘परीक्षक म्हणून शिक्षक’ या एकाच वाचकासाठी होतं. विचार चाचपडत, स्वतःशी बोलल्यासारखं केलेलं लेखन अगदीच थोडं. वाचणाऱ्याला उत्तर आधीच माहीत असेल, तर लिहिणारा त्याला काही सांगत नाही, फक्त आपल्याला येतं हे दाखवतो. कॉलेजात येणारा विद्यार्थी अशी दहा-बारा वर्षं काढून आलेला असतो. ब्लॉगची पहिली पोस्ट उत्तरपत्रिकेसारखी निघते ती त्यामुळेच.

अमेरिकेत याच काळात लेखन शिकवणाऱ्या पीटर एल्बो यांनी १९७३ मध्ये न थांबता लिहिण्याचा सराव पुढे आणला: दहा मिनिटं, पेन उचलायचं नाही, खोडायचं नाही, सुचलं नाही तर ‘सुचत नाही’ असंच लिहायचं. लेखनाच्या अभ्यासक जॅनेट एमिग यांनी १९७७ मध्ये लिहिणं ही शिकण्याचीच एक रीत आहे, असं मांडलं. या विचारातून इतिहास, जीवशास्त्र, गणित अशा वर्गांतही नोंदवह्या आल्या. वही शिक्षक वाचायचे, पण लाल पेन बाजूला ठेवून. उणीव एवढीच की वही महिन्यातून एकदा गोळा व्हायची, म्हणून आदल्या रात्री तीन रंगांच्या पेनांनी चार आठवड्यांच्या नोंदी एकदम तयार व्हायच्या. रंग बदलले तरी अक्षराची घाई लपत नसे.

‘वेबलॉग’ (‘ब्लॉग’ हे त्याचंच लघुरूप) हा शब्द डिसेंबर १९९७ मध्ये जॉर्न बार्गर यांनी वापरला. ऑगस्ट १९९९ मध्ये ‘ब्लॉगर’ हे ब्लॉग काढून देणारं संकेतस्थळ सुरू झालं आणि एचटीएमएल, म्हणजे वेबपान रचण्याची भाषा, न येणाऱ्यालाही पान काढता येऊ लागलं. २००३ मध्ये त्याच कामाचं वर्डप्रेस आलं, २००५ मध्ये खास शिक्षणासाठी एज्युब्लॉग्ज. शिक्षकांना यात दोन गोष्टी भावल्या. प्रत्येक पोस्टवर तारीख-वेळ आपोआप पडते, म्हणजे तीन पेनांची युक्ती संपली. आणि वाचक एकाऐवजी तीस झाले.

पण वाचक वाढले म्हणजे वाचन वाढलं असं नाही. डेडलाइन वर्गाच्या आदल्या रात्री बारा वाजता ठेवली की सगळ्या पोस्ट अकरा ते बाराच्या दरम्यान पडतात. कोणी कोणाचं वाचत नाही, आणि कॉमेंट ‘छान लिहिलंस, पटलं’ एवढ्यावर संपते. तीन-चार आठवड्यांत विद्यार्थ्याला कळून चुकतं की खोलीत कोणीच नाही. उत्साह गळतो तो इथे. उपाय कंटाळवाणा आहे, पण चालतो. पोस्ट वर्गाच्या दोन दिवस आधी मागायची. अर्ध्या वर्गाने एका आठवड्यात लिहायचं, उरलेल्यांनी उत्तर द्यायचं, पुढच्या आठवड्यात अदलाबदल. कॉमेंटमध्ये मूळ पोस्टमधलं एक वाक्य उचलून त्यावर प्रश्न विचारायचा. आणि शिक्षकाने दोन पोस्ट पडद्यावर लावून तासाची सुरुवात तिथून करायची. आपलं वाक्य चर्चेला घेतलं गेलं, त्यावर कोणी हुज्जत घातली, की पुढची पोस्ट वेगळी येते.

हा बदल पहिल्या ओळीतच दिसतो. दुसऱ्या आठवड्यातली नमुनेदार सुरुवात: ‘प्रस्तुत प्रकरणात लेखकाने शहरीकरणाच्या विविध पैलूंवर प्रकाश टाकला आहे.’ नवव्या आठवड्यातली: ‘मागच्या पोस्टमध्ये मी स्थलांतराचं कारण नोकरी एवढंच धरलं होतं. कॉमेंटमधल्या प्रश्नानंतर ते अपुरं वाटतंय.’ नंतरच्या नमुन्यात ‘मी’ आला, जुनी पोस्ट आली, वाचणारा आला. व्याकरण कदाचित पहिल्याचंच जास्त नीटनेटकं असेल.

मार्कांनी मात्र हे सगळं पुन्हा उत्तरपत्रिकेकडे ओढलं जातं. मानसशास्त्रज्ञ रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये शाळकरी मुलांवर केलेल्या प्रयोगात नुसते शेरे मिळालेल्यांचा रस टिकला. शेऱ्यासोबत मार्कही दिले, तर शेऱ्याचा फायदा दिसेनासा झाला. शिवाय हिशेब पाहा: ३० विद्यार्थी, १२ आठवडे, म्हणजे ३६० पोस्ट, एकीला चार मिनिटं धरली तरी २४ तास. म्हणून अनुभवी शिक्षक प्रत्येक पोस्टला मार्क देत नाहीत. पोस्ट वेळेत आली की पूर्ण गुण, आणि शेवटी विद्यार्थ्यानेच निवडलेल्या तीन पोस्ट सुधारून मूल्यमापनासाठी घ्यायच्या. सुधारताना आपलं आधीचं मत खोडावं लागतं, ते काही जणांना जड जातं.

उघड्यावर लिहिण्याची भीती ही वेगळी गोष्ट, तिला आळस म्हणणं अन्यायाचं. एकोणिसाव्या वर्षीचं कच्चं मत खऱ्या नावासह सर्च इंजिनमध्ये वर्षानुवर्षं राहू शकतं. टोपणनाव, फक्त वर्गापुरतं खुलं पान आणि सेमिस्टर संपल्यावर पुसण्याचा हक्क, हे तिन्ही पहिल्याच दिवशी सांगितले तर लिहिणारा मोकळा होतो. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या मेरी वॉशिंग्टन विद्यापीठाने याहून पुढे जाऊन विद्यार्थ्यांना स्वतःचं डोमेन, म्हणजे स्वतःच्या नावाचा वेब-पत्ता, द्यायला सुरुवात केली. पान विद्यार्थ्याचं, ठेवायचं की काढायचं तोच ठरवणार.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं आणि ‘प्रकाश टाकला आहे’ छापाची पोस्ट काही सेकंदांत फुकट मिळू लागली. साच्यातली पोस्ट मागणाऱ्या वर्गांची त्यामुळे पंचाईत झाली. मागच्या आठवड्याच्या कॉमेंटला उत्तर मागणाऱ्यांची तेवढी नाही, कारण वर्गात कोण काय म्हणालं हे यंत्राला आधी कोणीतरी सांगावं लागतं. काही शिक्षक आता तासाची पहिली दहा मिनिटं पुन्हा कागदावर लिहून घेतात, पेन न उचलता, आणि पोस्ट त्या कागदावरून पुढे वाढवायला सांगतात.