कुकीने दूध वाढतं का? आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्या ओट्सच्या कुकीज मागवणाऱ्या बहुतेक जणी एकच प्रश्न विचारतात: याने दूध वाढेल ना? कुणी स्वतः बाळंतीण असते, कुणी लेकीसाठी किंवा सुनेसाठी विचारत असतं. पाकिटाच्या मागच्या बाजूला एवढं उत्तर मावत नाही, म्हणून हे पत्रक.

उत्तर आधीच सांगून टाकतो. दूध वाढतं ते स्तनातून दूध निघत राहिल्याने. बाळ नीट ओढतं तेव्हा, किंवा हाताने वा पंपाने दूध काढलं जातं तेव्हा. कुकी ते काम करत नाही. कुकीचं काम वेगळं आहे आणि तेही काही कमी नाही: बाळ मांडीवर असताना एका हाताने खाता येईल असा, पोटाला आधार देणारा घास. हे समजून ज्यांना घ्यायच्या असतील त्यांनी जरूर घ्याव्यात. औषध म्हणून घेणार असाल तर पैसे वाचवा.

दूध येतं कसं

वार पडली की प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक (हार्मोन) झपाट्याने खाली येतं आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात दूध भरून येतं. त्याआधी येतो तो चीक. घट्ट, पिवळसर आणि एका वेळी चमचा-दोन चमचेच. तो पाहून घरातल्यांचा जीव खालीवर होतो, पण नवजात बाळाचं पोटही तेवढंच लहान असतं.

पुढचा सगळा कारभार मागणीवर चालतो. बाळ ओढू लागलं की आईच्या शरीरात दोन संप्रेरकं सुटतात. प्रोलॅक्टिन दूध तयार करायला लावतं, आणि ऑक्सिटोसिन तयार दूध पुढे ढकलतं. पान्हा फुटतो तो या दुसऱ्यामुळे. स्तन तासन् तास भरलेलेच राहिले तर दूध तयार होण्याचा वेग आपोआप मंदावतो, रिकामे होत राहिले तर वाढतो. म्हणून पहिल्या आठवड्यांत चोवीस तासांत ८ ते १२ वेळा पाजायला सांगतात, आणि रात्रीचं पाजणं टाळू नका म्हणतात, कारण प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं. डॉक्टरांनी सांगितलेलं नसताना वरचं दूध सुरू केलं की नेमकं उलटं होतं. एक बाटली वरची दिली की अंगावरचं एक पाजणं हुकतं, शरीर समजतं की एवढं लागत नाही, आणि दुसऱ्या बाटलीची गरज पहिलीच निर्माण करते.

वेदना आणि ताण यांनी ऑक्सिटोसिन अडखळतं. दूध असतं, पण सुटत नाही. अशा वेळी पाठीला उशी घेऊन बसणं, कुणीतरी पाण्याचा पेला हातात देणं, दोन घास पोटात जाणं यानेही फरक पडत असावा. काही जणी आम्हाला कळवतात की कुकी खाल्ल्यावर पाजताना दूध छान सुटलं. त्यांच्यावर आमचा विश्वास आहे. त्याचं श्रेय ओट्सना देण्याइतके मात्र आम्ही धीट नाही.

कमी आहे की कमी वाटतंय

दूध पुरत नाही असं वाटणाऱ्या बऱ्याच जणींना खरं तर पुरेसं दूध असतं. काही आठवड्यांनी स्तन मऊ पडतात, आधीसारखे दाटून येत नाहीत. हे दूध आटल्याचं लक्षण नाही, शरीराला बाळाचा अंदाज आल्याचं आहे. संध्याकाळी बाळ तासाभरात तीन-तीनदा मागतं, तेही नेहमीचंच. आणि पंपाने किती निघालं यावरून तर काहीच ठरवू नका. नीट ओढणारं बाळ सहसा पंपापेक्षा जास्त दूध काढतं.

भरवसा ठेवायचा तो लंगोटावर आणि वजनकाट्यावर. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत निदान सहा वेळा भरपूर ओली होणारी लंगोटं, पिवळी पातळसर शी, पाजताना बाळाने गिळल्याचा आवाज, आणि सुरुवातीला उतरलेलं वजन साधारण दोन आठवड्यांत पुन्हा जन्माच्या वजनावर येणं. एवढं असेल तर दूध पुरतंय.

हे नसेल, तर आमच्याकडे मागणी नोंदवण्याआधी डॉक्टरांना किंवा स्तनपान सल्लागाराला गाठा. बहुतेक वेळा बाळाची पकड चुकलेली असते. ते फक्त स्तनाग्र तोंडात धरतं, भोवतालचा काळसर भाग घेत नाही, आईला दुखतं आणि दूधही नीट निघत नाही. ही पकड कुणी जवळ बसून पाहिल्याशिवाय सुधारत नाही. थायरॉइडची तक्रार, बाळंतपणात झालेला मोठा रक्तस्राव, वारेचा तुकडा आत राहणं, पूर्वी झालेली स्तनाची शस्त्रक्रिया, इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या, सर्दीवरचं स्यूडोएफेड्रिन यांनीही दूध कमी होऊ शकतं. यांपैकी एकावरही बेकरीत इलाज नाही. दूध वाढवणाऱ्या गोळ्याही मैत्रिणीने घेतल्या म्हणून घेऊ नका. डोम्पेरिडोनसारख्या औषधाने काही जणींच्या हृदयाची लय बिघडू शकते.

मग कुकीत घालतो काय, आणि का

या प्रकारच्या कुकीज जगभर ज्या तीन-चार वस्तूंवर उभ्या आहेत त्या म्हणजे ओट्स, जवस, ब्रुअर्स यीस्ट आणि बऱ्याचदा मेथी. या सगळ्यांची दूध वाढवणाऱ्या म्हणून ख्याती जुनी आहे, पुरावा मात्र तोकडा. २०२३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत दोन महिन्यांच्या बाळांच्या आयांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाला महिनाभर रोज अशा कुकीज दिल्या, दुसऱ्याला साध्या. दुधाच्या प्रमाणात दोन्ही गटांत फरक आढळला नाही. आमच्या धंद्याला ही बातमी सोयीची नाही, पण ती माहीत असताना पाकिटावर ‘दूध वाढवणारी’ असं छापणं आम्हाला जमणार नाही. म्हणून आमच्या पाकिटावर फक्त ‘ओट्स-जवस कुकी’ असं लिहिलेलं असतं.

तरीही या वस्तू खाणं म्हणून चांगल्या आहेत. १०० ग्रॅम ओट्समध्ये साधारण १० ग्रॅम तंतू आणि १३ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, शिवाय थोडं लोह. बाळंतपणानंतर बद्धकोष्ठतेने हैराण झालेल्या बाईला तंतूंचं महत्त्व सांगावं लागत नाही. जवसात ओमेगा-३ गटातलं एक स्निग्धाम्ल (फॅटी ॲसिड) भरपूर असतं, पण ते मिळायचं तर जवस दळलेलंच हवं. अख्खा दाणा चावला गेला नाही तर जसाच्या तसा बाहेर पडतो. दळलेलं जवस लवकर खवट होतं, म्हणून आम्ही लागेल तेवढंच दळतो. कुकीला रंगासारखा वास आला तर समजा जवस जुनं होतं, आणि ती टाकून द्या.

ब्रुअर्स यीस्ट म्हणजे बिअर करताना मागे उरलेलं, वाळवून निष्क्रिय केलेलं यीस्ट. त्यात मद्य राहत नाही. ब गटातली बरीच जीवनसत्त्वं असतात. ब-१२ मात्र वरून घातलेलं असेल तरच. चव कडसर आणि खमंग यांच्यामध्ये कुठेतरी. पहिल्या घासाला जिभेच्या मागच्या बाजूला जो कडवटपणा रेंगाळतो तो याचाच, कुकी करपलेली नसते. पाव फुगवायचं यीस्ट ही वेगळी वस्तू आहे, ते याच्या जागी घालू नका.

मेथी आम्ही मुद्दाम घालत नाही. स्वयंपाकात पडते तेवढी कुणाला बाधत नाही, पण दूध वाढवण्यासाठी म्हणून रोज मोठ्या प्रमाणात घेतलेल्या मेथीने रक्तातली साखर उतरू शकते, रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनचा परिणाम वाढू शकतो, आणि आईच्या किंवा बाळाच्या पोटात गडबड होऊ शकते. शेंगदाणा किंवा हरभऱ्याची ॲलर्जी असणाऱ्यांना मेथीही सोसत नाही असं होऊ शकतं. घामाला आणि लघवीला गोडसर वास येतो, तो वेगळाच. एवढी जोखीम घेऊन मिळायचं काय, तेच पक्कं नाही.

घरीच करायच्या असतील तर

कृती लपवून ठेवण्यासारखी नाही. ११५ ग्रॅम मऊ लोणी आणि ११० ग्रॅम ब्राउन शुगर एकत्र फेसा, त्यात एक अंडं आणि चमचाभर व्हॅनिला घाला. दुसऱ्या भांड्यात १५० ग्रॅम जाड ओट्स, १२० ग्रॅम गव्हाचं पीठ, ३० ग्रॅम दळलेलं जवस, २० ग्रॅम ब्रुअर्स यीस्ट, अर्धा चमचा खाण्याचा सोडा आणि अर्ध्या चमच्याहून थोडं कमी मीठ कालवून घ्या. दोन्ही एकत्र करून वर मनुका आणि चिरलेले अक्रोड मिळून ८० ग्रॅम घाला. अंडं नको असेल तर एक मोठा चमचा जवसाची पूड तीन मोठे चमचे पाण्यात दहा मिनिटं भिजवून ते बुळबुळीत मिश्रण वापरा. कुकी थोडी दाट होते, बिघडत नाही.

आता घाई करू नका. मिश्रण अर्धा तास झाकून ठेवा. ओट्स आणि जवस पाणी ओढून घेतात आणि सुरुवातीला बोटांना चिकटणारा गोळा हाताळता येण्याजोगा होतो. ही पायरी गाळली की कुकी ओव्हनमध्ये पसरते आणि खाताना भुगा होतो, आणि पाजणाऱ्या आईसाठी भुगा होणारी कुकी काही कामाची नाही, सगळा चुरा बाळाच्या मानेत जातो. अर्ध्या तासानंतरही मिश्रण कोरडं वाटलं तर चमचाभर पाणी शिंपडा.

साधारण ३० ग्रॅमचे गोळे करून बेकिंग पेपरवर जरा चपटे दाबा, १७५ अंशांवर ११ ते १३ मिनिटं भाजा. कडा सोनेरी आणि मधला भाग कच्चट वाटत असतानाच ट्रे बाहेर काढा. गरम ट्रेवर दहा मिनिटांत त्या घट्ट होतात. आतच पूर्ण कडक होऊ दिल्या तर निवल्यावर दगड होतात. बावीसएक कुकीज निघतील.

बाळंतपणाआधीच करून ठेवायच्या असतील तर भाजू नका, गोळे करून फ्रीझरमध्ये ठेवा. तीन महिने चांगले राहतात. लागतील तेवढेच काढून, न वितळवता, दोन मिनिटं जास्त भाजायचे. भाजलेल्या कुकीज हवाबंद डब्यात पाचएक दिवस टिकतात.

किती खाव्यात, कुणी जपून

एका कुकीत साधारण १३० कॅलरी आणि वरून घातलेली ५ ग्रॅम साखर असते. फक्त अंगावर पाजणाऱ्या आईला एरवीपेक्षा रोज साधारण ५०० कॅलरी जास्त लागतात, आणि त्यातल्या काही गरोदरपणात साठलेल्या चरबीतून निघतात. तेव्हा दिवसाला दोन पुरे. सहा खाल्ल्याने दूध तिप्पट होत नाही, जेवण मात्र मागे पडतं, आणि कुकी ही जेवणाची जागा घेणारी वस्तू नव्हे. पाणी तहान लागेल तेवढं प्या. बळेबळे लिटरभर जास्त पिऊन दूध वाढत नाही.

मधुमेह असेल किंवा गरोदरपणात साखर वाढली होती, तर आधी डॉक्टरांना विचारा. नैराश्यावरची एमएओ इन्हिबिटर गटातली औषधं चालू असतील तर यीस्ट असलेली कुकी घेऊ नका. औषध मात्र स्वतःच्या मनाने थांबवू नका; आम्ही यीस्टशिवाय करून देतो. गहू, अंडं, लोणी आणि अक्रोड आमच्या बेकरीत नेहमीच वापरले जातात, त्यामुळे यांची ॲलर्जी किंवा सीलिअ‍ॅक आजार (गव्हातलं ग्लूटेन न सोसणं) असणाऱ्यांसाठी आमची कुकी सुरक्षित नाही. साधे ओट्सही बऱ्याचदा गव्हाच्याच यंत्रांवर तयार होतात.

बाळाला ॲलर्जी होईल या भीतीने आईने आपणहून पदार्थ सोडायची गरज नाही. बाळाच्या शीमध्ये रक्त किंवा सारखा चिकट शेंब दिसला तर डॉक्टर सांगतील ते सोडायचं. चॉकलेटच्या कुकीत कॅफीन अगदी थोडं असतं. चहा-कॉफी धरून दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या आत असलं की झालं. आणि कुकीचा तुकडा बाळाला चोखायला देऊ नका. पहिले सहा महिने त्याला खाणं-पिणं म्हणून अंगावरच्या दुधाशिवाय काही लागत नाही.

मागणी नोंदवताना तीन गोष्टी कळवा: ॲलर्जी, चालू असलेली औषधं, आणि अंडं व यीस्ट चालतं का. पाकिटावर भाजल्याची तारीख हाताने लिहिलेली असते. त्या तारखेपासून पाच दिवस उलटले असतील आणि पाकीट फ्रीझरमध्ये ठेवलेलं नसेल, तर खाऊ नका, आम्हाला कळवा.