फाईट मास्टर

चित्रपट, मालिका किंवा नाटकातली मारामारी, उड्या, आगीचे व गाड्यांचे प्रसंग आखून ते कुणाला इजा न होता करवून घेणारा तंत्रज्ञ. श्रेयनामावलीत ‘साहसदृश्ये’ किंवा ‘ॲक्शन डायरेक्टर’ असे छापले, तरी सेटवर तो ‘मास्टर’च. त्याच्या हाताखालचे ते ‘फायटर’ आणि नायकाचे कपडे घालून त्याच्या जागी पडणारा तो ‘डुप्लिकेट’. बहुतेक मास्टर आधी वर्षानुवर्षे पडलेले असतात.

मूकपटांच्या काळात मास्टर विठ्ठल साहसपटांचे लाडके नायक होते. १९३१ मध्ये ‘आलम आरा’ या पहिल्या भारतीय बोलपटाचे नायकही तेच. पुढे एम. बी. शेट्टी, वीरू देवगण यांनी हिंदीत या कामाला वजन मिळवून दिले. ‘शोले’मध्ये (१९७५) हेमा मालिनी यांच्या टांग्याच्या दृश्यांत रेश्मा पठाण होत्या, हे मात्र प्रेक्षकांना फार उशिरा कळले. राष्ट्रीय पुरस्कारांत ॲक्शन दिग्दर्शनाचा स्वतंत्र विभाग तर २०१६ च्या चित्रपटांपासून आला.

नागपुरात चित्रपटांचा बारमाही धंदा नाही. ‘झुंड’सारखे (२०२२) चित्रीकरण इथे झाले, पण अशा कामावर वर्षभर पोट चालत नाही. इथला मुलगा या वाटेला लागतो तो आखाड्यातून, तायक्वांदोच्या वर्गातून किंवा जिम्नॅस्टिक्समधून. शेजारी अमरावतीला १९१४ पासूनचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे. मल्लखांब आणि लाठी शिकलेल्या विदर्भातल्या अनेकांची शरीरे तिथे घडली. रंगमंचावरचा सराव हवा असेल तर पूर्व विदर्भातली झाडीपट्टी रंगभूमी आहे. वडसा परिसरातल्या मंडळ्यांची नाटके हंगामात रात्र-रात्र चालतात आणि त्यांत नागपूरचे कलावंतही असतात. मालिकांच्या कामासाठी मात्र विदर्भ एक्सप्रेसने मुंबईच गाठावी लागते. तिथे मूव्ही स्टंट आर्टिस्ट असोसिएशन ही फायटरांची संघटना आहे. तिचे सभासदत्व नसेल तर मोठ्या सेटवर उभे राहणेही अवघड.

आखाड्यातून आलेल्याची खरी अडचण वेगळीच असते: त्याला मारता येते. पडद्यावरचा ठोसा हनुवटीपासून वीतभर अंतरावरून निघून जातो. कॅमेरा एकाच्या खांद्यामागे ठेवला की मधली फट झाकली जाते. आवाज नंतर भरतात. ठोसा खरा वाटतो तो मार खाणाऱ्यामुळे. त्याने मान क्षणभर आधी फिरवली तर हसे होते, उशिरा फिरवली तर पुन्हा टेक. म्हणून जुने मास्टर नव्या पोराला आधी मार खायला लावतात, आणि ते योग्यच आहे. नाटकात कॅमेऱ्याचा आडोसा नसतो. तिथे मार खाणाराच प्रेक्षकांना दिसणार नाही अशा बेताने स्वतःच्या छातीवर किंवा मांडीवर थाप मारून आवाज काढतो.

उंचावरून पडताना पायांवर उतरायचे नसते. अंग वळवून पाठ सपाट टेकवायची असते, खाली गाद्या किंवा रिकामी खोकी रचून. अशा उडीची सगळे धास्ती घेतात, म्हणून तयारीही कसून होते. साध्या हाणामारीत सगळे गाफील असतात. जुलै १९८२ मध्ये बंगळुरूला ‘कुली’च्या सेटवर अमिताभ बच्चन यांच्या पोटात टेबलाचा कोपरा लागून ते मरणाच्या दारात गेले, ते अशाच एका हातघाईच्या दृश्यात.

मालिकेत हा धोका वाढतो, कारण रोज भाग द्यायचा असतो आणि मारामारीला वेळ उरेल तेवढाच मिळतो. दोऱ्या, हार्नेस तपासायला जादा वेळ मागणारा मास्टर निर्मात्याला कटकट्या वाटतो. घोडा किंवा बैल घ्यायचा तर पशुकल्याण मंडळाची परवानगी लागते. माणसांच्या विम्याबाबत मात्र कंपन्या वर्षानुवर्षे हात आखडून होत्या. २०१७ मध्ये अक्षय कुमार यांच्या पुढाकाराने स्टंट कलाकारांसाठी विमा योजना सुरू झाली. गुडघे आणि कंबर बोलू लागली की फायटर मास्टरचा साहाय्यक होतो. तेही न जमलेले काही जण गावी परतून कराटेचे वर्ग घेतात किंवा महाविद्यालयांच्या एकांकिका स्पर्धांतल्या मारामाऱ्या बसवून देतात.